वाहन-मागोवा उपकरणांची अचूकता-चाचणी

वाहनाचे स्थान, वेग, दिशा आणि त्या क्षणाची वेळ यांची ठराविक कालांतराने नोंद करून ती दूरच्या नियंत्रण केंद्राकडे पाठविणाऱ्या किंवा स्वतःच्या स्मृतीत साठविणाऱ्या इलेक्ट्रॉनीय साधनास वाहन-मागोवा उपकरण म्हणतात. वाहन कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हे उपकरण मूलतः निर्माण झाले. बस वेळेवर धावत आहे काय, मालमोटार ठरलेल्या मार्गाने जात आहे काय, चोरीस गेलेली गाडी कोणत्या दिशेने नेली, अशा कामांत स्थानातील काही मीटरांची चूक किंवा काही सेकंदांचा विलंब सहज खपून जातो. अपघाताच्या अन्वेषणात मात्र त्याच उपकरणाला निराळा प्रश्न विचारला जातो : आघातापूर्वी वाहनाचा वेग किती होता आणि चालकाने ब्रेक केव्हा लावला ? येथे ताशी पाच किमी.चा किंवा एका सेकंदाचा फरक चालकाचा दोष, त्याला होणारी शिक्षा आणि मृताच्या कुटुंबास मिळणारी भरपाई यांवर परिणाम करू शकतो. म्हणून नोंदीतील आकडा ज्या परिस्थितीत मिळाला त्या परिस्थितीत तशा प्रकारचे उपकरण किती व कोणत्या दिशेने चुकते, हे प्रयोगाने ठरवावे लागते. या प्रयोगांना अचूकता-चाचणी म्हणतात. तिच्यावाचून नोंदलेल्या वेगास पुरावा म्हणून फारसे मोल राहत नाही.

पार्श्वभूमी : वाहनाच्या वेगाची आपोआप नोंद करण्याची कल्पना उपग्रहांपूर्वीची आहे. फिरत्या कागदी चकतीवर टोकाने वेगाचा आलेख काढणारा टॅकोग्राफ यूरोपात मोठ्या मालमोटारींवर व बसगाड्यांवर वापरात होता आणि यूरोपीय आर्थिक समुदायाने १९७० मध्ये त्यासंबंधी नियम केले. चालकाने सलग किती तास गाडी चालविली हे पाहणे हा त्याचा मुख्य उद्देश. परंतु अपघातानंतर चकतीवरील रेषा सूक्ष्मदर्शकाखाली वाचून आघातापूर्वीचा वेग काढण्याचे तंत्रही त्यातून विकसित झाले. १ मे २००६ पासून तेथे नव्या वाहनांत अंकीय टॅकोग्राफ आला व १५ जून २०१९ पासून त्याला उपग्रहीय स्थाननिश्चितीची जोड मिळाली.

अमेरिकेच्या जागतिक स्थाननिश्चिती प्रणालीचा, म्हणजे जीपीएसचा, पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला व १९९५ मध्ये प्रणाली पूर्णपणे कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. मात्र नागरी वापराच्या संदेशांत हेतुपुरस्सर अशुद्धी मिसळली जात असे व तीमुळे स्थानात सु. १०० मी.पर्यंत चूक संभवत असे. मे २००० मध्ये ही पद्धत बंद झाली आणि साध्या, स्वस्त ग्राहींच्या (संदेश ग्रहण करणाऱ्या साधनांच्या) साहाय्याने रस्त्यावरील वाहनाचा मागोवा घेणे व्यवहार्य झाले.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५ एच या नियमान्वये १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक सेवा वाहनांत मागोवा उपकरण व आणीबाणीचे बटण बसविणे आवश्यक झाले. दुचाकी व तीनचाकी वाहने यांतून वगळली आहेत. अशा उपकरणांचे मानक एआयएस-१४० या नावाने ओळखले जाते व ते पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केले आहे. उपकरण मानकास उतरते, याचा अर्थ ते वाहतूक-नियंत्रणाच्या कामास योग्य आहे असा होतो. एखाद्या विशिष्ट अपघातातील विशिष्ट क्षणाचा वेग त्याने बरोबर नोंदला, असे त्यावरून ठरत नाही.

कार्यतत्त्व : जीपीएसचे उपग्रह सु. २०,२०० किमी. उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात व स्वतःचे स्थान आणि आण्वीय घड्याळाची वेळ सांगणारे रेडिओ संदेश अखंड पाठवीत असतात. संदेश निघाल्याची व पोहोचल्याची वेळ यांतील फरकास प्रकाशाच्या वेगाने गुणिले म्हणजे उपग्रहाचे अंतर मिळते. प्रकाश एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या एक अब्जांश भागात) सु. ३० सेंमी. जातो, त्यामुळे कालमापनातील अतिसूक्ष्म चूकही अंतरात दिसून येते. ग्राहीचे तीन सहनिर्देशक व त्याच्या साध्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी असल्याने निदान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. रशियाची ग्लोनास, यूरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू व भारताची नाविक या प्रणालीही याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. [⟶ कृत्रिम उपग्रह].

वेग दोन प्रकारे मिळतो व या दोहोंतील भेद अन्वेषकाने प्रथम जाणून घ्यावयास हवा. पहिल्या प्रकारात लागोपाठच्या दोन स्थानांमधील अंतरास मधल्या काळाने भागतात. दुसऱ्या प्रकारात डॉप्लर परिणामाचा उपयोग करतात. जीपीएसच्या प्रमुख नागरी संदेशाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) १,५७५.४२ मेगॅहर्ट्‌झ व तरंगलांबी सु. १९ सेंमी. असते. ग्राही उपग्रहाच्या दिशेने दर सेकंदास १ मी. या वेगाने सरकल्यास त्याला जाणवणारी कंप्रता सु. ५ हर्ट्‌झने वाढते. असा बदल अनेक उपग्रहांच्या बाबतीत एकाच वेळी मोजून वाहनाचा वेग काढतात. खुल्या आकाशाखाली समवेगाने जाणाऱ्या वाहनाचा डॉप्लर पद्धतीने काढलेला वेग दर सेकंदास काही सेंमी.च्या मर्यादेत बरोबर येऊ शकतो. याच परिस्थितीत स्थानाची चूक मात्र काही मीटर असते. म्हणजे एकाच उपकरणाची वेगाची नोंद उत्तम व स्थानाची नोंद बेताची, असे सहज घडते.

चाकाच्या फेऱ्यांवरून मिळणाऱ्या वेगाहून हा वेग स्वतंत्र असतो. टायर झिजल्याने चाकाची त्रिज्या ३०० मिमी.वरून २९४ मिमी. झाली, तर फेऱ्यांवरून काढलेल्या वेगात २ टक्के फरक पडतो. आणि ब्रेकखाली चाके जाम होऊन गाडी घसरू लागली, तर गाडी धावत असतानाही वेग शून्य दिसतो. उपग्रहीय मापनात हे दोष नाहीत. त्याचे स्वतःचे दोष वेगळे आहेत.

स्थानाच्या अचूकतेचे विधान : एआयएस-१४० मानकात स्थानाची अचूकता २.५ मी. इतकी सांगितली आहे. पण हा आकडा वर्तुळीय संभाव्य त्रुटीचा आहे. त्याचा अर्थ असा की, खऱ्या स्थानाभोवती २.५ मी. त्रिज्येचे वर्तुळ काढल्यास निम्म्या नोंदी त्याच्या आत पडतील. उरलेल्या निम्म्या बाहेर असतील. त्रुटींची वाटणी सर्व दिशांना सारखी व प्रसामान्य प्रकारची मानल्यास ९५ टक्के नोंदी सामावण्यासाठी वर्तुळाची त्रिज्या सु. ५.२ मी. घ्यावी लागते. आपल्याकडील महामार्गाच्या एका मार्गिकेची रुंदी साधारणतः ३.५ मी. असते. त्यामुळे वाहन कोणत्या मार्गिकेत होते किंवा त्याने मध्यरेषा ओलांडली होती काय, याचा निर्णय अशा उपकरणाच्या नोंदीवरून करता येत नाही.

त्रुटींची कारणे : काही त्रुटी संदेशाच्या प्रवासात उद्‌भवतात. आयनांबर (वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युत् भारित कणांचा थर) संदेशास विलंब लावते. उंच इमारतींच्या भिंती, डोंगरकडे व शेजारची मोठी वाहने यांवरून परावर्तित झालेले संदेश लांबच्या मार्गाने येतात व अंतर फुगवून दाखवितात. दिसणारे उपग्रह आकाशाच्या एकाच भागात गोळा झालेले असल्यास लहान त्रुटींचेही स्थानात मोठे पर्यवसान होते. दक्षिण मुंबईतील अरुंद रस्ते, बोर घाटातील कडे किंवा सह्याद्रीतील दाट झाडीचे रस्ते येथे म्हणूनच खुल्या माळरानावरील अचूकता अपेक्षिता येत नाही. बोगद्यात तर संदेश पूर्णपणे तुटतो. अशा वेळी काही उपकरणे नोंद रिकामी सोडतात, काही शेवटचा ज्ञात वेगच पुन्हा लिहितात, तर काही अंतर्गत संवेदकांच्या आधारे अंदाज करतात. छापील तक्त्यात यांपैकी शेवटच्या दोन प्रकारच्या नोंदी सारख्याच दिसतात.

दुसऱ्या प्रकारच्या त्रुटी उपकरणाच्या आज्ञावलीत असतात व अन्वेषणाच्या दृष्टीने त्या अधिक फसव्या होत. आकडे फार उड्या मारू नयेत म्हणून ग्राही मागील काही मापनांशी नव्या मापनाचा मेळ घालून सरासरीसारखे मूल्य देतो. समवेगाने जाताना याने काही बिघडत नाही. परंतु वेग झपाट्याने बदलत असता नोंदलेला वेग खऱ्या वेगाच्या मागे पडतो. जोराच्या ब्रेकखाली ऋण प्रवेग (वेग कमी होण्याची त्वरा) दर सेकंदास दर सेकंदाला ६ मी. असेल आणि नोंद एक सेकंद मागे असेल, तर त्या क्षणी उपकरण खऱ्याहून ताशी सु. २२ किमी. जास्त वेग दाखवील. वेग वाढत असताना हीच त्रुटी उलट दिशेने पडते व वेग कमी दिसतो. म्हणजे आघाताच्या आसपासचे क्षण, ज्यांविषयी माहिती हवी असते, तेच या त्रुटीने सर्वांत अधिक ग्रासलेले असतात.

याखेरीज उभ्या गाडीचे स्थान इकडेतिकडे भटकू नये म्हणून कित्येक उपकरणे ठराविक मर्यादेखालील वेग सरळ शून्य लिहितात. ग्राहीकडून वेग बहुधा नॉटमध्ये (१ नॉट = ताशी १.८५२ किमी.) मिळतो, तो पूर्णांकात उतरविताना अपूर्णांक गाळला, तर ताशी जवळजवळ दोन किमी. नाहीसे होतात. काही आज्ञावली नोंदलेले स्थान नकाशावरील सर्वांत जवळच्या रस्त्यावर ओढून आणतात. नकाशा त्यामुळे नीटनेटका दिसतो, परंतु खरी त्रुटी झाकली जाते. स्थानांवरून वेग काढताना वळणावरील कंसाऐवजी सरळ जीवा मोजली जाते. ३० मी. त्रिज्येच्या घाटवळणावर ताशी ३६ किमी. वेगाने जाणारे वाहन ५ सेकंदांत ५० मी. जाते, दोन टोकांमधील सरळ अंतर मात्र सु. ४४ मी. भरते व वेग सु. ११ टक्के कमी दिसतो.

वेळेचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. उपकरणे बहुधा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ नोंदतात व भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. १ जानेवारी २०१७ पासून जीपीएसची स्वतःची कालगणना आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे; ही दुरुस्ती राहून गेल्यास सर्वच नोंदी सरकतात. शिवाय स्थान घेतल्याची वेळ आणि नोंद केंद्रावर पोहोचल्याची वेळ यांत, दूरध्वनीचे जाळे खंडित असल्यास, बराच फरक पडू शकतो. या दोन वेळा एकमेकींच्या जागी घेतल्यास निरपराध चालकावरही ठपका येऊ शकतो.

नोंदींमधील कालांतर : प्रत्येक नोंद निर्दोष असली, तरी दोन नोंदींमध्ये काय घडले हे अज्ञातच राहते. ताशी ६० किमी. वेगाचे वाहन पाच सेकंदांत सु. ८३ मी. व दहा सेकंदांत सु. १६७ मी. जाते, तर जोराचा ब्रेक लावून ते साधारणतः तीन सेकंदांत थांबू शकते. याचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. ताशी ६० किमी. वेगमर्यादेच्या रस्त्यावर एका टॅक्सीने पादचाऱ्यास धडक दिली. उपकरण दर दहा सेकंदांनी नोंद करणारे आहे. १० वाजून १४ मिनिटे २० सेकंदांच्या नोंदीत वेग ताशी ५४ किमी. आहे. ३० सेकंदांच्या नोंदीत तो शून्य असून टॅक्सी ९० मी. पुढे उभी आहे.

पहिली शक्यता अशी की, चालक ताशी ५४ किमी. (दर सेकंदास १५ मी.) याच वेगाने ४.७५ सेकंद गेला, मग त्याने ब्रेक लावला आणि दर सेकंदास दर सेकंदाला ६ मी. या ऋण प्रवेगाने २.५ सेकंदांत सु. १९ मी. अंतर कापून टॅक्सी थांबली. दुसरी शक्यता अशी की, त्याने पहिल्या नोंदीनंतर दर सेकंदास दर सेकंदाला १ मी. या प्रवेगाने वेग वाढविला, सु. ३.६ सेकंदांत व ६१ मी. अंतरात तो ताशी ६७ किमी.पर्यंत नेला आणि नंतर तेवढ्याच जोराच्या ब्रेकने सु. ३.१ सेकंदांत २९ मी. अंतर कापून टॅक्सी थांबली. दोन्ही शक्यतांत टॅक्सी त्याच जागी व दहा सेकंद पुरे होण्याआधी थांबते. नोंदीच्या दोन ओळी दोन्हींना सारख्याच लागू पडतात. मात्र एकीत चालक वेगमर्यादेच्या आत आहे व दुसरीत बाहेर. 'अपघातापूर्वी वेग ताशी ५४ किमी. होता' हे विधान या नोंदीवरून करणे चालकाच्या बाजूने चूक ठरेल किंवा विरुद्ध बाजूने, हे नोंदीवरून कळत नाही. रस्त्यावरील टायरांच्या घसरणीच्या खुणा १९ मी. होत्या की २९ मी., हे मोजले असेल तर निर्णय होऊ शकतो. चाके जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था असलेल्या वाहनाच्या खुणा पुसट असतात. म्हणून त्या अपघातानंतर त्वरित मोजाव्या लागतात. नोंदी दर सेकंदास असत्या, तर तिसऱ्या सेकंदालाच पहिल्या शक्यतेत ताशी ५४ व दुसरीत सु. ६५ किमी. असा भेद स्पष्ट दिसला असता.

चाचणीपूर्व दक्षता : अपघातग्रस्त उपकरणास हात लावण्यापूर्वी त्यातील नोंदी सुरक्षित करणे आवश्यक असते. एआयएस-१४० मानकानुसार उपकरणात किमान ४०,००० स्थाननोंदी साठविण्याची क्षमता असावी लागते. दर पाच सेकंदांस एक या प्रमाणात ४०,००० नोंदी सु. ५५ तासांत भरतात. त्यानंतर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जाण्याचा संभव असतो. उपकरण निष्काळजीपणे पुन्हा चालू केल्यासही त्यातील मजकूर बदलू शकतो. नियंत्रण केंद्रातील नकाशाच्या छापील प्रतीऐवजी उपकरणाने पाठविलेला मूळ, असंस्कारित मजकूर मिळवावा. त्यात वेगाशिवाय उपग्रहांची संख्या, स्थान वैध आहे काय याची खूण व नोंदीची वेळ हे तपशील असतात आणि अनेकदा तेच निर्णायक ठरतात.

चाचणीच्या पद्धती : चाचणीसाठी त्याच प्रतिमानाचे, आज्ञावलीच्या त्याच आवृत्तीचे व त्याच जुळणीचे उपकरण घेतात आणि शक्य असल्यास मूळ उपकरणच वापरतात. ते वाहनात मूळ जागीच बसवितात. कारण दर्शनी फलकाखाली, पत्र्याआड बसविलेल्या अँटेनास मिळणारे संदेश छतावरील अँटेनाच्या मानाने क्षीण असतात.

प्रयोगशालेय चाचणीत उपग्रहांच्या संदेशांची कृत्रिम निर्मिती करणाऱ्या यंत्राकडून ग्राहीस ज्ञात मार्ग व ज्ञात वेग पुरवितात आणि त्याची नोंद मूळ मूल्यांशी ताडून पाहतात. हीच परिस्थिती हवी तितक्या वेळा निर्माण करता येत असल्याने नोंदीतील विलंब व वेगाची किमान मर्यादा यांसारखे दोष वेगळे करण्यास ही पद्धत उपयुक्त आहे. स्थिर चाचणीत उपकरण अचूक सर्वेक्षण केलेल्या बिंदूवर अनेक तास ठेवून नोंदलेल्या स्थानांचा विखुरलेपणा पाहतात. हिच्यावरून धावत्या वाहनाच्या वेगाविषयी मात्र फारसे कळत नाही.

धावती चाचणी ही सर्वांत महत्त्वाची होय. तिच्यात वाहनावर मागोवा उपकरणासोबत एक संदर्भ उपकरण बसवितात. ज्ञात बिंदूवरील स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेणारा, काही सेंमी.पर्यंत अचूक असा उपग्रहीय ग्राही आणि त्याच्या जोडीस प्रवेगमापक व घूर्णी यांचा संच यासाठी वापरतात व तो दर सेकंदास अनेक वेळा मापन करतो. संदर्भ उपकरणाची अनिश्चितता चाचणीखालील उपकरणाच्या अपेक्षित त्रुटीच्या एक-चतुर्थांशाहून कमी असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. दोन्ही उपकरणे उपग्रहांवरच अवलंबून असल्यास दोहोंत एकच दोष शिरण्याचा धोका राहतो. म्हणून काही धावांत स्वतंत्र मापन करतात. उदा., रस्त्यावर नेमक्या १० मी. अंतरावर दोन प्रकाशशलाका ठेवून त्या खंडित होण्यामधील काळ मोजतात. ताशी ७२ किमी. वेगास हा काळ अर्धा सेकंद असतो आणि त्याच्या मापनातील एक सहस्रांश सेकंदाच्या चुकीने वेगात केवळ ०.२ टक्के फरक पडतो.

धावांची आखणी करताना ताशी ३०, ६० व ९० किमी. अशा स्थिर वेगांच्या, एकसारख्या प्रवेगाच्या, जोराच्या ब्रेकच्या, तीव्र वळणाच्या व वारंवार थांबण्याच्या धावांचा समावेश करतात आणि प्रत्येक प्रकार दोन्ही दिशांनी अनेकदा करतात. विद्युत् पुरवठा अकस्मात तोडला असता शेवटच्या किती नोंदी वाचतात, हेही पाहतात. कारण धडकेत संचायक विद्युत् घट तुटणे नित्याचे आहे. शेवटी अपघाताच्या जागी, तशाच रहदारीत व ऋतुमानात धावा घेतात. येथे एक सोय अशी की, जीपीएसच्या उपग्रहांची आकाशातील मांडणी सु. २३ तास ५६ मिनिटांनी जवळजवळ तशीच पुन्हा येते. त्यामुळे ३० दिवसांनी चाचणी घ्यावयाची असल्यास ती अपघाताच्या वेळेच्या सु. दोन तास अगोदर घेतली म्हणजे त्या प्रणालीचे उपग्रह बव्हंशी त्याच जागी सापडतात. अर्थात अन्य प्रणालींना हा नियम जसाच्या तसा लागू नाही.

निष्कर्षाची मांडणी : प्रत्येक नोंदीतील वेग व त्याच क्षणाचा संदर्भ वेग यांतील फरक म्हणजे त्रुटी. सर्व त्रुटींची सरासरी उपकरणाचा एका बाजूचा कल दाखविते, तर त्यांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या विखुरणीचे माप) त्याची बेभरवशी बाजू दाखविते. कल माहीत असल्यास दुरुस्ती करता येते. विखुरणीची दुरुस्ती करता येत नाही, ती केवळ सांगता येते. समजा, खुल्या रस्त्यावर समवेगाच्या धावांत उपकरण सरासरीने ताशी ०.८ किमी. कमी वेग दाखविते व प्रमाण विचलन ताशी १.२ किमी. आहे. मग नोंदीतील ताशी ६४ किमी.चा अर्थ, सु. ९५ टक्के विश्वासाने, खरा वेग ताशी ६२.४ ते ६७.२ किमी. असा होतो आणि ६० किमी.ची मर्यादा ओलांडली होती असे म्हणता येते. नोंद ६१ असती, तर ही व्याप्ती ५९.४ ते ६४.२ अशी येते व मर्यादा ओलांडल्याचे ठामपणे म्हणता येत नाही. समवेगाच्या धावांतून मिळालेले हे आकडे ब्रेक लावल्यानंतरच्या नोंदीस मात्र लावता येत नाहीत. तिच्यासाठी ब्रेकच्या धावांतून मिळालेली त्रुटीच घ्यावी लागते. व्यवहारात सर्वांत अधिक दिसणारी चूक हीच होय.

अन्य नोंदींशी तुलना : अनेक आधुनिक मोटारगाड्यांत हवाई पिशवीच्या नियंत्रकातच अपघात-घटनेची नोंद करणारे यंत्र असते. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१२ पासून तयार झालेल्या व असे यंत्र बसविलेल्या गाड्यांत आघातापूर्वीच्या पाच सेकंदांचा वेग दर सेकंदास दोनदा नोंदण्याचे बंधन आले. हा काळ २० सेकंद व मापने दर सेकंदास दहा करण्याचा नियम तेथे डिसेंबर २०२४ मध्ये झाला. यूरोपीय संघात नव्या मोटारगाड्यांवर जुलै २०२४ पासून असे यंत्र आवश्यक आहे. आघाताच्या क्षणाबाबत हे यंत्र मागोवा उपकरणाहून सरस असले, तरी त्याचा वेग चाकांवरून येतो. म्हणून दोन्ही नोंदी, रस्त्यावरील खुणा, वाहनांची मोडतोड व कॅमेऱ्याची चित्रे एकमेकांशी ताडून पाहणे श्रेयस्कर ठरते. परस्परांवर अवलंबून नसलेली दोन मापने जुळली, तर निष्कर्षास खरे बळ येते.

न्यायालयीन बाजू : संगणकीय नोंदीची प्रत पुरावा म्हणून दाखल करताना तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र लागते. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ याच्या कलम ६५ ख खालील ही अट, मूळ साधनच न्यायालयापुढे आणले नसल्यास, अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या महाराष्ट्रातील निवडणूकविषयक प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अंमलात आला असून त्याच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आहे. नोंद कोणत्या साधनातून आली, ते साधन नीट चालू होते आणि मजकुरात नंतर बदल झालेला नाही, या गोष्टींची ग्वाही प्रमाणपत्र देते. नोंदलेला ताशी ६४ किमी. वेग खऱ्या वेगाच्या किती जवळ होता, हे त्यात येत नाही; ते तज्ञाच्या मतातून व त्यामागील चाचणीतूनच पुढे यावे लागते.

मृत्यूस कारणीभूत झालेल्या निष्काळजीपणाच्या फौजदारी खटल्यात दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे संभाव्यतेचा अधिक कल पुरेसा असतो. एकाच नोंदीचे या दोन ठिकाणी निरनिराळे वजन पडू शकते. म्हणून तज्ञाने आपल्या अहवालात एकच आकडा न देता वेगाची व्याप्ती, ती कशी काढली याचा तपशील व उपकरण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. चाचणी दोन्ही पक्षांना सारखीच उपयोगी असते. भरधाव गेलेल्या चालकाचा बचाव तिच्यामुळे टिकत नाही, तसेच मागे पडलेल्या नोंदीमुळे वेगवान दिसणारा, परंतु वेळीच ब्रेक लावलेला चालकही तिच्यामुळेच दोषमुक्त ठरू शकतो.